कालव्यावरून सॉल्टेअर: नॅरोबोटीने गिरणीगाव कसं बघावं

इंग्लंडमधली गिरणीगावं रेल्वेने बघता येतात, गाडीनेही बघता येतात. तरी यॉर्कशरमधलं सॉल्टेअर बघायचं तर पाण्यावरून, नॅरोबोट या लांब, अरुंद कालवाबोटीने जावं, असं मी आग्रहाने सांगेन. गिरणीत कोळसा, लोकर, यंत्रं असलं अवजड सामान ज्या वाटेने यायचं, ती ही वाट. रस्त्यावरून गेलात तर गिरणीचा दर्शनी भाग दिसतो. कालव्यावरून गेलात तर तिची कामाची बाजू दिसते.

माझं लहानपण परळच्या चाळीत गेलं. वडील साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते आणि भोंग्यावर आमचं घर चालायचं. त्यामुळे हा लेख सहलीच्या माहितीचा असला, तरी लिहिणारा माणूस गिरणगावचा आहे हे ध्यानात असू द्या. काही गोष्टींपाशी मी जास्त रेंगाळेन.

आधी वाट समजून घ्या

लीड्स-लिव्हरपूल कालवा १२७ मैलांचा. काम १७७० मध्ये सुरू झालं आणि १८१६ मध्ये संपलं. पेनाइन डोंगररांग ओलांडून तो यॉर्कशर आणि लँकेशर जोडतो. आपल्याला त्यातला छोटासा तुकडा हवा आहे: स्किप्टन ते सॉल्टेअर, साधारण १६ मैल. गाडीने अर्ध्या-पाऊण तासाचं हे अंतर बोटीने जायला दोन-अडीच दिवस लागतात.

कालव्यावर वेगाची कमाल मर्यादा ताशी ४ मैल आहे. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद करावं लागतं, नाहीतर आपल्या लाटेने त्यांचे दोर ताणले जातात आणि खुंट्या उपटतात. म्हणून हिशेब ताशी अडीच ते तीन मैलांचा धरा. प्रत्येक लॉकला पंधरा-वीस मिनिटं वेगळी. लॉक म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेलं कुंड, त्यातलं पाणी कमी-जास्त करून बोट खाली-वर नेतात.

स्किप्टनपासून बिंगलीपर्यंत एकही लॉक नाही. डोंगराच्या कडेने, एकाच पातळीवर, आयर नदीचं खोरं उजव्या हाताला ठेवत कालवा जातो. नवशिक्यांसाठी यापेक्षा चांगली सुरुवात नाही, कारण लॉकशी गाठ पडेपर्यंत सुकाणू हाताखाली आलेलं असतं. मात्र या टप्प्यात फिरते पूल बरेच आहेत. शेताकडे किंवा गावाकडे जाणारा रस्ता जवळजवळ पाण्याच्या पातळीवरूनच कालवा ओलांडतो. बोट आली की पूल बाजूला फिरवायचा, बोट गेली की पुन्हा जागेवर लावायचा. हे काम आपलंच.

बोट ठरवताना

नॅरोबोट सात फुटांपेक्षाही थोडी अरुंद असते. लांबी मात्र नीट विचारून घ्या. या कालव्याचे लॉक रुंद असले तरी लांबीला आखूड आहेत. साठ फुटांच्या आतली बोटच घ्यावी. चार माणसांना ४५ ते ५० फूट पुरते.

भाड्याची बोट चालवायला परवाना लागत नाही. ताबा देताना कंपनीचा माणूस तासभर सोबत राहून शिकवतो. तो तास वाया घालवू नका. आम्ही चौघं होतो आणि चौघांनीही सुकाणू धरून पाहिलं. एकाने शिकायचं आणि बाकीच्यांनी फोटो काढायचे, असं केलंत तर पुढे पहिल्याच पुलाशी अडचण होते.

हे मात्र स्वतः विचारा आणि हातात घेऊन बघा:

- विंडलास, म्हणजे लॉकमध्ये पाणी आत-बाहेर सोडणारी झडप फिरवायचा काटकोनी हँडल. दोन तरी हवेत.
- पाण्याचे नळ आणि काही फिरते पूल उघडायची चावी, आणि या कालव्यावर झडपांना लावलेल्या कुलपांची वेगळी चावी. दोन्ही चाव्यांना तरंगणारा गोळा आहे का पाहा.
- जीवरक्षक जॅकेटं. मुलं असतील तर त्यांच्या मापाची.
- काठाला बांधायच्या लोखंडी खुंट्या आणि हातोडा.
- शौचालयाची टाकी कशी आणि कुठे रिकामी करायची.

एप्रिल ते ऑक्टोबर हा हंगाम. नोव्हेंबरनंतर दुरुस्तीसाठी लॉक बंद ठेवतात, आणि फार कोरडा उन्हाळा असेल तर पाणी वाचवण्यासाठीही. हा कालवा कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळते. सहलीला निघण्याआधी आणि निघाल्यावर रोज त्यांच्या बंद-सूचना बघा. भारतातून येणार असाल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, युरोपच्या शेंगेन व्हिसावर चालत नाही.

स्वयंपाकघरात गॅसची शेगडी असते. तांदूळ, मुगाची डाळ, पोहे, गोडा मसाला सोबत ठेवा. दिवसभर दोर ओढून आलेल्या माणसाला संध्याकाळी बोटीत गरम खिचडी मिळाली की बाकी काही लागत नाही.

पहिले दोन दिवस: स्किप्टन ते बिंगली

बोट बहुधा दुपारी ताब्यात मिळते, म्हणून पहिल्या दिवशी फार लांब जायचा हट्ट नको. ब्रॅडली नाहीतर किल्डविकपर्यंत गेलात तरी खूप. निघण्याआधी स्किप्टनमध्येच एक फेरी मारा. किल्ल्याच्या मागून स्प्रिंग्ज ब्रँच नावाचा छोटा फाटा जातो. खाणीतला चुनखडीचा दगड कालव्यापर्यंत आणण्यासाठी तो खणला होता. कालव्याकाठी ड्युहर्स्टची उंच गिरणीही आहे. सिल्को नावाचा शिवणदोरा तिथे बनायचा.

सुकाणूचं तत्त्व एकच: बोट डावीकडे न्यायची तर दांडा उजवीकडे. आणि बोट मोटारीसारखी पुढून वळत नाही, मध्यावर फिरते. नाक डावीकडे गेलं की शेपटी उजवीकडे झुकते. समोरून बोट आली तर आपण उजव्या बाजूला सरकायचं.

फिरत्या पुलाची रीत अशी. एक माणूस पुलाच्या अलीकडे काठावर उतरतो. आधी रस्त्याची फाटकं बंद, मग पुलाची कडी मोकळी, मग ढकलणं. पूल पूर्ण उघडल्याशिवाय बोट पुढे आणायची नाही. काही पुलांची ढकलायची बाजू घोडवाटेच्या पलीकडे असते, म्हणून पूल उघडणारा माणूस परत बोटीवर कसा येणार हे आधीच ठरवा.

घोडवाट म्हणजे कालव्याच्या काठाची पायवाट. इंजिनं येण्याआधी तिच्यावरून घोडे चालायचे आणि दोराने बोट ओढायचे. दगडी पुलाखालून जाताना बोट हळू करा आणि घोडवाटेकडचा कोपरा बघा. दगडावर, किंवा दगड वाचवायला लावलेल्या लोखंडी पट्टीवर, बोटभर खोल खाचा दिसतील. ओल्या, वाळू लागलेल्या दोराने शंभर-सव्वाशे वर्षं घासून पाडलेल्या. मी एका खाचेत बोट घातलं. आतून काचेसारखी गुळगुळीत होती. कालवा कसा चालायचा हे कुठल्याही फलकापेक्षा त्या खाचेने मला जास्त सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिंगलीच्या पाच लॉकच्या वर मुक्काम करा. तिथे पोहोचलात की पहिलं काम लॉक-रक्षकाला भेटायचं. दुसऱ्या दिवशी किती वाजता सोडतील, खालून बोटी येणार आहेत का, हे त्याला विचारून झोपा.

तिसरा दिवस: बिंगलीचा जिना

बिंगली फाइव्ह राइज म्हणजे एकाला एक जोडलेले पाच लॉक. वरच्या कुंडाचा खालचा दरवाजा हाच खालच्या कुंडाचा वरचा दरवाजा. मध्ये थांबायला जागा नाही. कालवा इथे ५९ फूट उतरतो. २१ मार्च १७७४ रोजी हा जिना खुला झाला. स्थानिक गवंड्यांनी रचलेला तो दगड अजून जागचा हललेला नाही. लॉक-रक्षकाशिवाय इथे बोट नेता येत नाही आणि ते योग्यच आहे.

उतरताना सर्वात वरचं कुंड भरलेलं आणि खालची सगळी रिकामी हवीत. वरून सोडलेलं पाणी एका कुंडातून पुढच्यात जातं. ते भरलेलं असेल तर पाणी काठावरून बाहेर सांडतं. एवढं समजलं की लॉक-रक्षक काय करतोय ते कळायला लागतं आणि त्याला खरी मदत होते.

दोन धोके मात्र पाठ करा.

पहिला उंबऱ्याचा. वरच्या दरवाज्याच्या आतल्या बाजूला पाण्याखाली दगडी उंबरा असतो. उतरताना बोटीची शेपटी त्याच्यावर राहिली तर पाणी खाली जातं आणि शेपटी वर अडकते. बोट पुढून बुडते. भिंतीवर रंगाची खूण असते, तिच्या पुढेच बोट ठेवायची. सुकाणूवरच्या माणसाने फोन खिशात ठेवायचा.

दुसरा दोराचा, आणि हा आमच्यावर आला. पाच लॉक, खालचे तीन लॉक आणि डाउली गॅपचे दोन असे दहा लॉक सुरळीत झाले. पुढच्या हर्स्ट वुडच्या एकट्या लॉकला लॉक-रक्षक नव्हता आणि आम्ही थोडे निर्धास्त झालो होतो. मी मधला दोर काठावरच्या खुंटाला गाठ मारून बांधला. पाणी उतरलं, दोर ताणला आणि बोट एका बाजूला कलायला लागली. आतली भांडी घसरल्याचा आवाज आला. माझ्या बहिणीने क्षणाचाही विचार न करता खालच्या झडपा बंद केल्या आणि वरची उघडली. पाणी चढलं, दोर सैल झाला, बोट सरळ झाली. लॉकमध्ये दोर कधीही बांधायचा नाही. खुंटाला एक वेढा द्यायचा, टोक हातात धरायचं आणि पाणी उतरेल तसा सोडत जायचा. काहीही चुकतंय असं वाटलं की आधी झडपा बंद, मग विचार. विंडलास हातात घेतलेल्या प्रत्येकाला हे माहीत असलं पाहिजे.

डाउली गॅप आणि हर्स्ट वुड यांच्यामध्ये सात कमानींचा जलसेतू आहे. खाली आयर नदी आणि वरून आपली बोट. इथे थोडं हळू जा.

वेळ कमी असेल, किंवा सोबत थकणारी माणसं असतील, तर सरळ पाच लॉकच्या वर बोट बांधून ठेवा. तिथून सॉल्टेअर घोडवाटेने तीनेक मैल आहे. बिंगलीहून आगगाडीने पुढचंच स्टेशन. चार रात्रींच्या सहलीत मी हेच सुचवेन. लॉक उतरण्याच्या नादात गाव तासाभरात उरकणं हे सगळ्यात वाईट.

गिरणी समोर येते तेव्हा

हर्स्ट वुडनंतर झाडी संपते आणि दोन्ही बाजूंना पिवळसर दगडाच्या भिंती पाण्यातून वर येतात. एका हाताला सॉल्ट्स मिल, दुसऱ्या हाताला १८६८ ची न्यू मिल. इंजिनाचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो. न्यू मिलची चिमणी व्हेनिसच्या एका चर्चच्या मनोऱ्यावरून बेतलेली आहे. गिरणीच्या चिमणीला कुणी इतकं नटवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पाहुण्या बोटींसाठी राखलेली जागा फलकावर लिहिलेली असते, किती दिवस थांबता येईल तेही. खुंट्या ठोकाल तेव्हा दोर घोडवाटेवर आडवा येऊ देऊ नका. सायकली जातात.

गाव बघण्याचा क्रम

बहुतेक लोक आधी गिरणीत शिरतात आणि तिथेच दिवस घालवतात. मी उलट सांगेन. आधी घरं, मग गिरणी.

हे गाव टायटस सॉल्ट या लोकर-कारखानदाराने वसवलं. गावाचं नाव म्हणजे त्याचं आडनाव आणि आयर नदी. १८४८-४९ मध्ये तो ब्रॅडफर्डचा महापौर होता. ते शहर तेव्हा धूर, गटारं आणि कॉलऱ्याने गांजलेलं होतं. त्याने आपल्या विखुरलेल्या गिरण्या एकत्र करून शहराबाहेर, कालवा आणि रेल्वे यांच्यामध्ये, एक मोठी गिरणी उभारली. २० सप्टेंबर १८५३ ला, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, ती सुरू झाली. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. म्हणजे सॉल्टेअर आणि आपलं गिरणगाव जवळजवळ एका वयाचे.

व्हिक्टोरिया रोडच्या वरच्या टोकापासून सुरुवात करा. तिथे म्हाताऱ्यांसाठी बांधलेली धर्मार्थ घरं आहेत, समोर हिरवळ. तिथून रस्त्याने खाली या. उजव्या-डाव्या गल्ल्यांच्या पाट्या वाचत चला: कॅरोलाइन, जॉर्ज, अमेलिया, फॅनी, हर्बर्ट, एडा. कॅरोलाइन सॉल्टची बायको, बाकी मुलं. त्याला अकरा मुलं होती. लॉकवुड आणि मॉसन या वास्तुरचनाकारांच्या नावाच्याही गल्ल्या आहेत. आठशेहून जास्त घरांत चार हजारांवर माणसं राहायची, पण कामगाराच्या नावाची गल्ली मला सापडली नाही.

आता जॉर्ज स्ट्रीटवर शिरा आणि घरांची उंची बघत चाला. रांगेतली दुमजली घरं साध्या कामगारांची. रांगेच्या टोकाला किंवा मध्येच एखादं उंच, रुंद दाराचं घर येतं, ते मुकादमाचं. पश्चिमेच्या अल्बर्ट रोडवर गेलात की पुढे बाग असलेली मोठी घरं लागतात, ती वरच्या अधिकाऱ्यांची. गिरणीतली उतरंड रस्त्यावर दगडात मांडलेली आहे. आमच्या चाळीत जॉबर, म्हणजे मुकादम, आणि बदली कामगार एकाच मजल्यावर राहायचे, एका नळावर भांडायचे. इथे दारावरूनच कळायचं कोण कोण आहे.

पण मागच्या बोळात जाऊन बघितलंत तर सॉल्टने काय दिलं तेही कळतं. प्रत्येक घराला स्वतःचं परसू, स्वतःचं शौचालय, पाणी आणि गॅस. त्या काळच्या ब्रॅडफर्डमध्ये पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांत मागे खिडकीही नसायची. विसाव्या शतकातल्या आमच्या चाळीतही वीस खोल्यांना टोकाची मोरी एकच होती. मी त्या बोळात बराच वेळ उभा होतो. आई आठवली.

आणि काय नाही, तेही शोधा. गावात त्याने एकही पब होऊ दिला नाही. गल्लीत आडवी दोरी बांधून कपडे वाळत घालणं त्याला खपायचं नाही, म्हणून त्याने सार्वजनिक धुलाईघर बांधलं. ते आता उभं नाही. घर मालकाचं, नोकरी मालकाची, त्यामुळे नोकरी गेली की छप्परही गेलं. सॉल्ट मोठ्या मनाचा माणूस होता असं मला प्रामाणिकपणे वाटतं, आणि त्याच्या गावात राहणं सोपं नसणार असंही वाटतं.

परत व्हिक्टोरिया रोडवर या. चार दगडी सिंह दिसतील. ते लंडनच्या ट्रॅफल्गर चौकासाठी घडवले होते असं गावात सांगतात. समोरासमोर शाळा आणि इन्स्टिट्यूट, ज्याला आता व्हिक्टोरिया हॉल म्हणतात. वाचनालय, व्याख्यानाचं दालन, व्यायामशाळा असं सगळं त्यात होतं.

गिरणीच्या आत

सॉल्ट्स मिलमध्ये प्रवेश विनामूल्य आहे. उघडण्याचे वार मात्र आदल्या दिवशी तपासा.

इथे कापूस मुख्य नव्हता. सॉल्टची कीर्ती अल्पाकाच्या लोकरीवर उभी राहिली. पेरूमधल्या या प्राण्याची लांब, चकचकीत लोकर कुणाला नीट कातता-विणता येत नव्हती. कापसाचा ताणा आणि अल्पाकाचा बाणा घेऊन त्याने हलकं, झळाळतं कापड काढलं. बायकांच्या पोशाखासाठी त्याला प्रचंड मागणी आली. गिरणीत तीन हजारांवर माणसं आणि बाराशे साचे होते.

मुख्य इमारत ५४५ फूट लांब आहे. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलांनी मोजा. ओतीव लोखंडाचे खांब आणि त्यांच्यावर विटांच्या कमानी नीट बघा. लाकूड टाळलं ते आगीच्या भीतीने. तेल सांडलेल्या लाकडी जमिनीवर एक ठिणगी पुरायची. यंत्रं फिरवणारे बरेचसे दांडे त्याने जमिनीखाली नेले होते, आवाज आणि अपघात कमी व्हावेत म्हणून. वडील साचेखात्यातून घरी आले की रात्री मोठ्याने बोलायचे. धोट्याच्या खडखडाटात कान गेले होते. त्यामुळे या एका गोष्टीसाठी सॉल्टला मी मनापासून हात जोडले.

१९८६ च्या फेब्रुवारीत इथलं उत्पादन थांबलं. मुंबईचा गिरणी संप सुरू होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पुढच्या वर्षी जोनाथन सिल्व्हर या उद्योजकाने ही रिकामी इमारत घेतली आणि ब्रॅडफर्डमध्येच जन्मलेल्या डेव्हिड हॉकनीची चित्रं इथे लावली. आज पुस्तकांचं दुकान, खाणावळ, दालनं, कचेऱ्या असं सगळं जुन्या भिंती न पाडता चाललंय. २००१ मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारसा म्हटलं. परळ-लालबागमध्ये किती भिंती उरल्या, हे मोजत मी त्या दालनातून चाललो.

गिरणीसमोर, कालव्याला लागून, १८५९ चं चर्च आहे. खांबांची अर्धगोल ओसरी आणि वर मनोरा. सॉल्टची समाधी तिथेच आहे. चर्च रोज उघडं नसतं, म्हणून उघडं दिसलं की आधी आत जा. नंतर नदीवरचा पूल ओलांडून रॉबर्ट्स पार्कमध्ये चढा. तिथे सॉल्टचा पुतळा आहे. त्याच्याकडे पाठ करून उभं राहिलात तर नदी, कालवा, गिरणी, रेल्वे आणि मागे घरांच्या रांगा एका नजरेत येतात. उजेड कलता असताना जा, दगड मधासारखा दिसतो. जवळच शिप्ली ग्लेनची १८९५ पासूनची छोटी ट्राम आहे. ती रोज चालत नाही, चालू असेल तर मुलांना न्या.

परतीची वाट

बोट कुठेही वळवता येत नाही. पन्नास फुटांची बोट फिरवायला कालव्याला मुद्दाम रुंद केलेली जागा लागते. सॉल्टेअरच्या पुढची अशी जागा नकाशावर आदल्या रात्रीच शोधून ठेवा आणि तिथवर जाऊन वळा. वळताना नाक त्या खोबणीत घाला आणि शेपटी कालव्याच्या मध्यात ठेवा, म्हणजे पंखा चिखलात रुतत नाही.

चढताना लॉकचा हिशेब उलटा होतो. सर्वात खालचं कुंड रिकामं आणि वरची सगळी भरलेली हवीत. उंबऱ्याची भीती राहत नाही, पण वरून येणारं पाणी बोटीला मागेपुढे ढकलतं. झडप एकदम उघडायची नाही. आधी थोडी, मग बोट स्थिरावली की बाकीची. दोर इथेही हातातच. बिंगलीच्या लॉक-रक्षकाला आदल्या दिवशी कळवून ठेवा आणि सकाळी पहिल्या फेरीत वर चढा, म्हणजे स्किप्टनपर्यंतचे फिरते पूल उजेडात पार होतात.

बोट परत द्यायची वेळ बहुधा सकाळी नऊच्या आसपास असते, म्हणून शेवटची रात्र स्किप्टनच्या अगदी जवळ काढा. आम्ही ब्रॅडलीला थांबलो होतो. उरलेल्या तांदळाचा भात केला आणि चाव्या, विंडलास, खुंट्या मोजून ठेवल्या. एक खुंटी सॉल्टेअरच्या काठावरच राहिली होती, तिचे पैसे भरले.